वॉर हॉर्स: रंगमंचावरचा घोडा आणि पडद्यावरचा घोडा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

'वॉर हॉर्स'चं नाटक आणि सिनेमा यांबद्दल विचारणारे निरोप वर्षभर येत असतात. बरेचसे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, अडचणीचे नंतर. आठव्या प्रश्नापासून पुढे गोष्ट शेवटासकट उघड होते. ज्यांनी अजून काहीच पाहिलेलं नाही त्यांनी पहिले सात वाचून थांबावं आणि पाहून झाल्यावर परत यावं.

१. 'वॉर हॉर्स' हे पुस्तक आहे, नाटक आहे की सिनेमा?

तिन्ही, आणि याच क्रमाने. मायकेल मॉर्पुर्गो यांची मुलांसाठीची कादंबरी १९८२ साली आली. तिच्यावरून निक स्टॅफर्ड यांनी नाटक लिहिलं. मॅरिअन इलियट आणि टॉम मॉरिस यांनी ते बसवलं आणि ऑक्टोबर २००७मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ते उभं राहिलं. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा सिनेमा २०११च्या नाताळात अमेरिकेत प्रदर्शित झाला.

गोष्ट थोडक्यात अशी. इंग्लंडच्या डेव्हन भागातला शेतकऱ्याचा मुलगा अल्बर्ट, आणि त्याने जीव लावून वाढवलेला जोई नावाचा घोडा. १९१४ साली महायुद्ध सुरू होतं, बाप घोडा लष्कराला विकतो आणि जोई फ्रान्सच्या रणभूमीवर पोचतो. तो इंग्रजांकडून जर्मनांच्या हाती पडतो, मधे काही दिवस एका फ्रेंच मुलीच्या मायेत राहतो. इकडे अल्बर्ट त्याच्यासाठी सैन्यात जातो.

जोई कुमैत रंगाचा, चारही पाय खुरांपासून वर पांढरे, कपाळावर पांढरी खूण. आपल्याकडच्या जुन्या घोडेवाल्याने त्याला पाहताक्षणी पंचकल्याणी म्हटलं असतं. ही पांढरी पावलं लक्षात ठेवा, शेवटी त्यांचं काम आहे (प्रश्न १३).

२. ही खरी गोष्ट आहे का?

जोई आणि अल्बर्ट काल्पनिक आहेत. गोष्टीचं बी मात्र खरं आहे. मॉर्पुर्गो डेव्हनमधल्या इडस्ली या लहानशा गावात राहतात. तिथल्या पबमध्ये त्यांना पहिल्या महायुद्धात घोड्यांबरोबर राहिलेला एक म्हातारा सैनिक भेटला आणि त्या गप्पांतून विषय मिळाला. पण घोड्याच्या तोंडून गोष्ट सांगावी हे धाडस कुठून आलं? मॉर्पुर्गो पतीपत्नी शहरातल्या मुलांना काही दिवस शेतावर राहायला आणत. त्यांतला एक मुलगा बोलताना इतका अडखळायचा की तो कुणाशी बोलतच नसे. एका संध्याकाळी तो तबेल्यापाशी उभा राहून घोड्याशी भडाभडा बोलताना दिसला, आणि घोडा मान न हलवता ऐकत होता. ते पाहून मॉर्पुर्गोंना वाटलं, हा प्राणी सगळं ऐकतो, तर तोच सांगू दे.

कादंबरीच्या सुरुवातीला गावच्या सभागृहात टांगलेल्या जोईच्या चित्राचा उल्लेख आहे. तेही काल्पनिक. मात्र वाचक ते चित्र शोधत गावात यायला लागले, तेव्हा २०११ साली खरोखर एक चित्र करवून घेऊन तिथे लावण्यात आलं.

३. सिनेमा नाटकावरून काढला की पुस्तकावरून?

श्रेयनामावलीत दोन्हींची नावं आहेत. नाटकाने वाट दाखवली हे निश्चित: निर्मात्या कॅथलीन केनेडी यांनी २००९मध्ये लंडनला प्रयोग पाहिला आणि स्पीलबर्ग यांना सांगितलं. २०१०च्या सुरुवातीला ते स्वतः प्रयोग पाहून आले आणि त्याच वर्षी चित्रीकरण सुरू झालं. पटकथा ली हॉल आणि रिचर्ड कर्टिस यांची. असं असलं तरी सिनेमाची बांधणी पुस्तकाला जवळची आहे. जोई एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि प्रत्येक मालकाबरोबर नवी गोष्ट सुरू होते. फरकांची यादी प्रश्न ९मध्ये आहे.

मुंबईशीही एक धागा आहे. सिनेमा ड्रीमवर्क्स या अमेरिकन स्टुडिओचा, आणि त्या काळात ड्रीमवर्क्समध्ये रिलायन्स एंटरटेनमेंटचा पैसा होता. सुरुवातीच्या पाट्यांत ते नाव दिसतं.

४. नाटकात खरा घोडा आणतात का?

नाही. नाटकातला एकूणएक प्राणी बाहुली आहे. घोडे, कावळे, पाकोळ्या आणि चाकावर पळणारं ते भांडखोर हंसासारखं बदकसुद्धा. घोडे बनवले दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीने, म्हणजे एड्रियन कोलर आणि बॅसिल जोन्स या दोघांनी. याआधी त्यांनी एक उंच जिराफ रंगमंचावर चालवला होता. तो पाहूनच टॉम मॉरिस यांना वाटलं की यांना घोडा जमेल.

५. एक घोडा तीन माणसं चालवतात म्हणजे नेमकं काय करतात?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझ्याही सर्वांत आवडीचा.

जोईचा सांगाडा वेताचा आहे. वेताच्या कांबी वाकवून बरगड्या, मान आणि पुठ्ठे केले आहेत. वरून कापड ताणलंय, तेही इतकं विरळ की आतली माणसं स्पष्ट दिसतात. मोठ्या घोड्याचं वजन साधारण ५४ किलो, शिवाय त्याच्या पाठीवर खराखुरा नट बसतो. तिघांना त्यांच्या जागेवरून नावं आहेत: डोकं, हृदय आणि मागचा. डोकं सांभाळणारा घोड्याच्या मानेशेजारी उभा असतो, एखाद्या मोतद्दारासारखा, आणि मान व कान त्याच्या हाती. हृदय आणि मागचा हे दोघे धडाच्या आत, सांगाडा अंगावर पेलून. पुढचे पाय हृदयाचे. मागचे पाय आणि शेपूट मागच्याचं.

आता बारकाईने पाहा. खरा घोडा पाय उचलतो तेव्हा खूर मागे दुमडतं आणि टेकवताना परत सरळ होतं. या वेताच्या पायातही हातातल्या खटक्याने तेच होतं. कुणी बोललं की आधी एक कान त्या दिशेला वळतो, मग मान. आणि घोडा नुसता उभा असताना हृदयवाला माणूस गुडघ्यांत जरासा वाकतो, सरळ होतो, परत वाकतो. तेवढ्याने सगळं धड फुगतं आणि बसतं. हा श्वास आहे. तीन तासांच्या खेळात तो क्षणभरही थांबत नाही. पात्रं पुढे भांडत असली, प्रेक्षकांचं लक्ष भलतीकडे असलं, तरी मागे कोपऱ्यात जोई श्वास घेत असतो.

खिंकाळणं आणि फुरफुरणंही तिघांचंच. घोड्याच्या छातीत मावणारी हवा एका माणसाच्या छातीत कुठली मावायला! म्हणून एक जण सूर धरतो, दुसरा चढवतो, तिसरा संपवतो. ध्वनिमुद्रित आवाज तिथे नाही. तिघांना एकमेकांशी बोलता येत नसल्यामुळे पुढचं पाऊल कुठे पडणार हेही ते श्वासावरूनच ओळखतात.

शिंगरू वेगळं आहे. त्यालाही तीन माणसं लागतात, पण ती बाहेरून चालवतात. शिंगराचा घोडा होतो तो क्षण तर जागेवरून उठवतो: छोटा जोई धावत येतो, त्याचे तुकडे तिघे तीन दिशांना घेऊन जातात, आणि त्याच क्षणी मागच्या अंधारातून पूर्ण वाढलेला जोई पुढचे पाय उचलून समोर येतो.

६. ती माणसं सगळा वेळ दिसतात. मग रसभंग होत नाही का?

पाच मिनिटं होतो. नंतर ती दिसेनाशी होतात, म्हणजे डोळ्यांना दिसतात पण मन त्यांची दखल घेत नाही.

आपल्याकडे पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्यांमध्ये चालवणारा वर, आडोशाला असतो. हँडस्प्रिंगची रीत जपानच्या बुनराकू या बाहुलीनाट्याच्या जवळची, तिथे चालवणारे उघड्यावर असतात. पण मराठी प्रेक्षकाला ही रीत परकी वाटायचं कारण नाही. 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांच्या रांगेचीच भिंत झालेली आपण १९७२पासून पाहतो आणि तिच्याआड काय चाललंय याची उत्सुकताही वाटते. रंगमंच म्हणतो 'धरून चाला', आणि आपण धरून चालतो.

नाटकाची सगळी ताकद या धरून चालण्यात आहे. घोडा खोटा आहे हे नाटक पहिल्याच मिनिटाला कबूल करतं, त्यामुळे त्याला जिवंत ठेवण्याचं अर्धं काम तुमच्याकडे येतं. सिनेमात घोडा जिवंतच आहे, तुमच्याकडे ते काम नाही. माझ्या मते दोन्हींतला मूळ फरक हाच, बाकीचे यातून येतात.

७. सिनेमातला जोई एकच घोडा आहे का? चित्रीकरणात घोड्यांना इजा झाली का?

एक नाही, एकूण १४ घोड्यांनी जोईचं काम केलं, शिंगरापासून मोठ्या घोड्यापर्यंत. सगळे सारखे दिसावेत म्हणून त्यांना रंगभूषा होती. कपाळावरची खूण आणि पायांचा पांढरा रंग जिथे कमी पडे तिथे भरला जाई. भावनेचे महत्त्वाचे प्रसंग बरेचसे फाइंडर नावाच्या घोड्याने केले आहेत.

प्राण्यांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवायला अमेरिकेच्या ह्यूमेन असोसिएशनची प्रतिनिधी चित्रीकरणावर हजर असे. एका प्रसंगात जोई काटेरी तारेत अडकतो (प्रश्न ११). ती तार खरी नव्हती, मऊ नकली होती. आणि तारेत अडकलेल्या घोड्याच्या काही जवळच्या दृश्यांत खरा घोडाही नाही, तिथे यंत्रावर हलणारा घोडा आहे. म्हणजे सिनेमालाही वेदनेच्या ठिकाणी बाहुलीचाच आधार घ्यावा लागला, फक्त ती लपवून.

८. पुस्तकात घोडा 'मी' म्हणून बोलतो. नाटकात आणि सिनेमात तो गप्प का?

पानावर घोड्याचा 'मी' चालतो कारण तो आवाज आपल्याच डोक्यात उमटतो. समोर उभ्या घोड्याच्या तोंडी माणसाचा आवाज घातला की ते बालनाट्य होऊन जातं. दोन्ही रूपांतरकारांनी हे ओळखलं आणि माझ्या मते बरोबर केलं.

त्या 'मी'ची भरपाई दोघांनी वेगवेगळी केली. नाटकात घोड्याचं मन अंगातून कळतं: कान, श्वास, मागे सरकणारं पाऊल. शिवाय एक गाणारा आहे, तो लोकगीतांच्या चालीवर काळ पुढे नेतो. सिनेमात हे काम जोईचा डोळा करतो. कॅमेरा इतका जवळ जातो की बुबुळात समोरचं प्रतिबिंब दिसतं. प्रेक्षागृहात विसाव्या रांगेत बसून हे कधीच दिसणार नाही, आणि तसंही वेताच्या घोड्याचा डोळा हलत नाही.

९. कथानकात कुठे कुठे फरक आहे?

मोठे फरक तेवढे सांगतो.

घोडा घरी येतो ते कारण. नाटकात अल्बर्टचा बाप टेड हा आपल्या भावाशी, आर्थरशी, इरेला पेटून लिलावात ३९ गिनींची बोली लावतो. कर्ज फेडायचे पैसे त्यात जातात. भाऊबंदकी म्हणजे काय हे आपल्याला समजवावं लागत नाही, त्यामुळे हा भाग मराठी माणसाला फार जवळचा वाटतो. पुढे आठवड्यात घोडा नांगर ओढेल अशी पैज लागते. सिनेमात भाऊ नाही. तिथे चढाओढ जमीनमालकाशी आहे, किंमत ३० गिनी, आणि नांगरणी दगडांनी भरलेल्या माळावर सगळ्या गावासमोर भर पावसात होते.

बापाचं निशाण. टेडने दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातून आणलेलं पलटणीचं छोटं निशाण अल्बर्ट जोईच्या लगामाला बांधतो आणि ते हातोहात जोईबरोबर फिरतं. हे सिनेमाचं.

जर्मन बाजू. सिनेमात दोन कोवळे जर्मन भाऊ घोडे घेऊन पळतात आणि पवनचक्कीपाशी पकडले जातात. त्यांना गोळ्या घालतात तेव्हा पवनचक्कीचं पातं मधे येतं आणि पातं सरकतं तेव्हा दोघे खाली पडलेले असतात. नाटकात हे भाऊ नाहीत. तिथे कॅप्टन फ्रीडरिश म्युलर हा एकच जर्मन अधिकारी लांबवर आपल्याबरोबर राहतो. त्याला लढाई नको झाली आहे आणि तो रुग्णवाहिकेवरच्या माणसाचा गणवेश चढवून घोड्यांजवळ राहतो. युद्धाच्या दुसऱ्या बाजूला माणूसच आहे हे नाटक या एका माणसाकडून सांगतं. सिनेमा ते चारपाच लहान पात्रांत वाटून टाकतो, त्यामुळे त्यांतलं कुणीच मनात घर करेपर्यंत थांबत नाही. इथे मला नाटक उजवं वाटतं.

फ्रेंच मुलगी एमिली. सिनेमात आणि पुस्तकात ती आजोबांबरोबर राहते, नाटकात आईबरोबर.

अल्बर्ट. नाटकात तो सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून भरती होतो, म्हणून त्याचं युद्ध आपल्याला बराच काळ दिसतं. सिनेमात तो मधला बराच भाग गायब असतो आणि एकदम १९१८ला फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईत दिसतो.

१०. घोडदळाच्या हल्ल्याचा प्रसंग कुठे जास्त भिडतो?

सिनेमात. उंच गवतात लपलेले स्वार एकाच वेळी खोगिरावर चढतात आणि गवतातून वर येतात. टापांचा वेग वाढत जातो. झाडीच्या कडेला जर्मनांच्या मशीनगन तयार असतात. यानंतर स्पीलबर्ग स्वार पडताना दाखवत नाहीत. दिसतात ते बंदुकांवरून उड्या मारून जाणारे घोडे, एकामागून एक, आणि सगळ्यांची खोगिरं रिकामी. एवढं अंतर, एवढी संख्या रंगमंचावर आणता येत नाही.

नाटकात मोकळ्या रंगमंचाच्या वर फाटक्या कागदासारखा एक लांब पांढरा पट्टा आहे. जोईवर स्वार होणारा इंग्रज अधिकारी निकोल्स आपल्या वहीत रेखाटनं करत असतो, त्याच वहीचं जणू फाडलेलं पान. रे स्मिथ यांची चित्रं त्याच्यावर उमटतात: डेव्हनची शेतं, तारखा, मग धूर. खाली घोडे मंद गतीत धावतात. प्रसंग सुंदर आहे, पण संख्येची भीती पडद्यावरच जाणवते.

११. काटेरी तारेत अडकण्याचा प्रसंग दोन्हींत सारखाच आहे का?

प्रसंग दोन्हीकडे आहे, वजन वेगळं आहे. सिनेमात जोई रणगाड्यापुढून सुटतो, खंदकांतून आणि तोफांच्या उजेडातून सुसाट पळतो, तारांमागून तारा अंगाला गुंडाळत जातो आणि कोसळतो. सकाळी धुक्यात दोन्ही खंदकांमधल्या मोकळ्या पट्ट्यात एक इंग्रज आणि एक जर्मन त्याला सोडवायला येतात. तार कापायला पक्कड हवी म्हणून जर्मन हाक मारतो तर त्याच्या खंदकातून एकदम कितीतरी पकडी उडत येतात. घोडा कुणाचा हे शेवटी नाणं उडवून ठरतं. सिनेमातला हा सर्वांत चांगला भाग, आणि यातली थट्टाही जागच्या जागी आहे.

नाटकातली मोठी लढत त्याआधीची, घोडा आणि रणगाडा समोरासमोर येतात ती. रणगाडाही माणसांनीच हलवलेला. वेताचा हलका घोडा आणि तो अजस्र सांगाडा, दोन्ही बाहुल्या, पण एक श्वास घेते आणि दुसरी घेत नाही. तारेतल्या नकली घोड्याबद्दल प्रश्न ७ पाहा.

१२. टॉपथॉर्न मरतो तेव्हा नाटकात नेमकं काय करतात?

टॉपथॉर्न म्हणजे जोईचा सोबती, मोठा काळा घोडा. तोफा ओढून ओढून तो थकतो आणि कोसळतो, दोन्हीकडे. सिनेमात तो निपचित पडतो, जोई त्याच्याजवळ जातो, संगीत भरून येतं.

नाटकात टॉपथॉर्न बसतो, मग आडवा होतो. श्वास लांबतो. एक येतो, बऱ्याच वेळाने दुसरा. मग येत नाही. आणि त्याला चालवणारे तिघे त्याच्यातून हळूच बाहेर येतात, उभे राहतात आणि निघून जातात. मागे वेत आणि कापड उरतं.

सिनेमाच्या घोड्याबद्दल आपल्याला माहीत असतं की दृश्य संपल्यावर तो उठला, त्याला तोबरा बांधला, तो घरी गेला. हे माहीत असणं चांगलंच आहे, तसंच असायला हवं. पण वेताचा टॉपथॉर्न खरोखर निर्जीव होतो. दोन तास ज्याला जिवंत ठेवायला आपण हातभार लावला, त्यातून जीव निघून चालत जाताना दिसतो. हँडस्प्रिंगचे लोक सांगतात की नटाला रंगमंचावर मरायला कष्ट पडतात आणि बाहुलीला जगायला. टॉपथॉर्नने ते कष्ट थांबवले की काय होतं, ते या एका मिनिटात कळतं.

१३. शेवट वेगळा का आहे? एमिलीचं काय होतं?

भेटीपर्यंत दोन्ही जवळ जवळ आहेत. विषारी वायूने डोळे अधू झालेला अल्बर्ट, जखमी जोईला गोळी घालायची तयारी, आणि ओळखीची हाक. सिनेमात अल्बर्ट हाताची ओंजळ करून घुबडासारखा आवाज काढतो. मग चिखल धुतात आणि खालून चार पांढरी पावलं निघतात.

नाटक यानंतर लवकर घरी जातं. सिनेमा पुस्तकाप्रमाणे लिलाव ठेवतो, कारण युद्धानंतर घोडे विकले गेले हे खरं आहे (प्रश्न १५). एमिलीचे आजोबा तिथे येऊन बोली जिंकतात. पुस्तकात ते जोईला एका पेनीला अल्बर्टला देतात, अट एकच: माझ्या नातीची गोष्ट लोकांना सांगत राहा. एमिली मरण पावलेली असते. सिनेमात ते घोडा तसाच देऊन टाकतात. मला पुस्तकाची ती एक पेनी फार मोलाची वाटते आणि सिनेमाने ती का सोडली हे पटत नाही.

डेव्हनच्या लाल आकाशावरचं सिनेमाचं शेवटचं दृश्य जुन्या हॉलीवूडची आठवण करून देतं. काहींना ते जास्त गोड वाटतं. मला चालतं, कारण तिथे कुणी काही बोलत नाही.

१४. जर्मन आणि फ्रेंच पात्रं इंग्रजीत का बोलतात? संगीतही वेगळं आहे का?

सिनेमात सगळे आपापल्या धाटणीचं इंग्रजी बोलतात, अधूनमधून एखादा जर्मन हुकूम. मोठ्या प्रेक्षकवर्गासाठी केलेली ती सोय आहे, पण तोटा असा की घोड्याला प्रत्येक मालकाची भाषा नवी असते ही गोष्ट हरवते. नाटक परदेशातही गेलं. २०१३ साली बर्लिनमध्ये ते जर्मनमध्ये झालं तेव्हा नावच बदललं: 'सोबती' अशा अर्थाचा जर्मन शब्द घेतला. २०१५मध्ये बीजिंगला चिनी भाषेत झालं.

संगीत: सिनेमाचं जॉन विल्यम्स यांचं, भरगच्च वाद्यवृंदाचं. नाटकाचं एड्रियन सटन यांचं, आणि गाणी जॉन टॅम्स यांची.

१५. पहिल्या महायुद्धात खरंच इतके घोडे मेले का?

सगळ्या बाजूंचे मिळून सुमारे ८० लाख घोडे मेल्याचा अंदाज सांगितला जातो. ब्रिटनमधून बाहेर गेलेल्या सुमारे १० लाखांपैकी ६२ हजारच्या आसपास परत आले, असा आकडा सर्वत्र दिला जातो. बाकीचे सगळे मेले असा त्याचा अर्थ नाही. वाचलेल्यांतले बरेच तिथेच शेतकऱ्यांना किंवा खाटकांना विकले गेले.

दोन समज दुरुस्त करायला हवेत. एक, बहुतेक घोडे गोळीने मेले नाहीत. थंडी, चिखल, उपासमार, रोग आणि ओझ्याने मेले. त्या दृष्टीने टॉपथॉर्नचं मरण हल्ल्याच्या प्रसंगापेक्षा जास्त प्रातिनिधिक आहे. दोन, घोड्यांची कुणी काळजीच घेतली नाही हेही खरं नाही. उत्तर फ्रान्समधल्या ब्रिटिश पशुवैद्यकीय रुग्णालयांनी सव्वासात लाखांच्या आसपास घोड्यांवर उपचार केले आणि सव्वापाच लाखांहून अधिक बरे केले.

१६. आपल्याकडचे घोडेस्वार त्या युद्धात होते का? या गोष्टीत ते दिसतात का?

होते. गोष्टीत दिसत नाहीत, ना नाटकात ना सिनेमात. १९१४मध्येच भारतीय घोडदळाच्या पलटणी फ्रान्सला पोचल्या. त्यांत पूना हॉर्स होती. १८१७ साली पुण्यात उभी राहिलेली ही पलटण. फ्रान्सच्या हिवाळ्यात तिच्या स्वारांना घोडे मागे ठेवून खंदकात उतरावं लागलं. तीच पलटण आज भारतीय सैन्यात रणगाडे चालवते. १९६५च्या युद्धात परमवीरचक्र मिळालेले आर्देशिर तारापोर तिचेच. जोई आणि रणगाडा समोरासमोर येतात तो प्रसंग (प्रश्न ११) पाहताना मला दर वेळी ही पलटण आठवते. घोडदळाचा मोठा हल्ला भारतीयांनी केला तो पॅलेस्टाइनमध्ये, २३ सप्टेंबर १९१८ला हैफा इथे, जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी.

१७. मुलांना दाखवावं का?

दहाच्या पुढच्या मुलांना दोन्ही दाखवा, बरोबर बसून. सिनेमात रक्त फार नाही, पण दोन भावांचा प्रसंग आणि काटेरी तार लहानांना झोपू देत नाहीत. नाटक त्याहून जड जाऊ शकतं. बाहुली आहे म्हणून सौम्य असेल असं समजू नका. प्रश्न १२ आधी स्वतः वाचा.

१८. नाटकाचं रेकॉर्डिंग पाहिलं म्हणजे नाटक पाहिलं का?

पूर्ण नाही. लंडनच्या प्रयोगाचं थेट प्रक्षेपण २७ फेब्रुवारी २०१४ला चित्रपटगृहांत झालं. ते एक तिसरंच रूप आहे. कॅमेरा जवळ गेला की डोकं चालवणाऱ्याचा घामेजलेला चेहरा घोड्याइतकाच मोठा दिसतो, आणि मागे कोपऱ्यात श्वास घेणारा दुसरा घोडा चौकटीबाहेर जातो. प्रेक्षागृहात कुठे पाहायचं ते तुम्ही ठरवता, इथे दुसरा कुणी ठरवतो. तरीही संधी मिळाली तर सोडू नका. नॅशनल थिएटर लाइव्हचे, म्हणजे अशा चित्रित प्रयोगांचे, खेळ मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात होतात, त्यांच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवा. लंडनचा मुख्य मुक्काम मार्च २०१६मध्ये संपला, पण दौरे निघतात. २०२४-२५मध्ये ब्रिटनभर दौरा होता, त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांनी आपल्या शहरातलं नाट्यगृह पाहत राहावं.

१९. पुरस्कार कुणाला जास्त?

नाटकाला. न्यूयॉर्कच्या प्रयोगाला २०११मध्ये सर्वोत्कृष्ट नाटकासह ५ टोनी (अमेरिकी रंगभूमीचे मानाचे पुरस्कार), आणि हँडस्प्रिंगला विशेष टोनी. सिनेमाला ऑस्करची ६ नामांकनं होती, त्यांतलं एकही पदरात पडलं नाही.

२०. आधी काय पाहू, नाटक की सिनेमा?

आधी सिनेमा. गोष्ट, भूगोल, युद्धाचा आवाका डोक्यात बसतो. मग नाटकात 'आता काय होणार' या काळजीतून तुम्ही मोकळे असता आणि सगळं लक्ष घोड्याकडे देता येतं. उलट क्रमाने पाहिलेल्या बऱ्याच जणांनी कळवलंय की सिनेमात ते वेताचाच घोडा शोधत राहिले. पुस्तक कधीही वाचा, दीडशेच्या आसपास पानांचं आहे.

२१. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात असा घोडा करता येईल का?

'वॉर हॉर्स'ची संहिता वापरायची तर परवानगी लागते, तिच्याशिवाय करू नका. पण तीन मुलांनी एक प्राणी चालवावा ही रीत कुणाच्या मालकीची नाही. स्वतःची गोष्ट घ्या: बैल घ्या, शेळी घ्या, गावातलं कुत्रं घ्या.

वेत आणायची घाई करू नका. खाकी कागद चुरगाळून डोकं, धड आणि शेपूट करा, सुतळीने बांधा. कान मात्र मोठे करा, लांबून दिसायला हवेत. पोटऱ्यांवर प्रकाश पडेल असे दिवे लावा, नाहीतर पाय कळत नाहीत. आवाज मुलांनीच काढावा, स्पीकरवरून नको. आणि पहिले दोन दिवस चालायला शिकवू नका. प्राणी एका जागी उभा ठेवा आणि तिघांकडून फक्त श्वास करून घ्या, एकाच लयीत, वर्गातल्या बाकीच्या मुलांना समोर बसवून. समोरचं एखादं पोर न सांगता पुढे येऊन त्याला थोपटायला लागलं की तिसऱ्या दिवशी चालवा.